एका दिवसाची भिलाई

काल संध्याकाळी पुण्याहून फोन आला. नवऱ्याच्या आतेभावाची सून. "काकू, आम्ही रायपूरला लग्नाला येतोय. वाटेत एकच दिवस भिलाईला थांबू. एका दिवसात काय काय पाहून होईल हो?"

"सगळं होते," मी म्हटलं. "तू ये तर खरी."

फोन ठेवला आणि एकटीच हसत बसले. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "आता कोणाचा जीव घेऊन राहिली?"

"भिलाई दाखवते त्यांना."

"मे महिन्यात?"

"मग काय, माणसं येतात तेव्हाच दाखवीन नं."

ह्यांनी पेपराचं पान उलटलं. त्यांना माहीत आहे, एका दिवसात भिलाई दाखवण्यात माझा हात धरणारं या गावात कोणी नाही. मी आजवर पुष्कळ पाहुण्यांना फिरवलं. पण एका माणसाला मी ही भिलाई दोनदा दाखवली आहे. पहिल्यांदा मोठ्या हौसेनं, दुसऱ्यांदा सूड म्हणून. आणि खरं सांगते, दुसऱ्यांदा जास्त नीट दाखवली.

मे महिना आला की ते सगळं वर येतं. सकाळी आठलाच ऊन असं भिंतीला टेकतं की हात लावून पाहावा आणि मागे घ्यावा. टाउनशिपच्या रस्त्यांवर गुलमोहर लाल, अमलतास पिवळा, आणि त्यांच्याखाली काळं कुत्रं नाही. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचावी तशी लुगडी नेसलेल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन येतात, पळसाच्या पानाच्या द्रोणात चारोळीची फळं, म्हणजे चार, आणि तेंदू विकतात. दुपारी लू सुटली की खिडकीच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं, मग घरभर तो ओला वास. बाहेर मात्र स्टील प्लांटच्या कोक ओव्हनचा, त्या कोळशाच्या भट्ट्यांचा वास, आणि वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बारीक तांबूस धूळ. आमच्या आईनं आयुष्यभर त्या धुळीला शिव्या घातल्या. बाबा म्हणायचे, "अव, त्याच धुळीवर जेवून राहिलो आपण." दोघांचंही खरं होतं.

बाबा प्लांटमध्ये क्लार्क. मूळचे पुलगावकडचे. तेव्हा हे सगळं मध्यप्रदेशच होतं, आणि आम्ही सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी आठवीत होते. माझी ताई बी.ए. झाली होती आणि तिच्या लग्नाचं पाहून राहिले होते. विदर्भातल्या सोयऱ्याधायऱ्यांना भिलाई म्हणजे लंकेइतकी लांब वाटायची. "एवढ्या दूर पोरगी पाह्याले कोण जाईल?" असं नागपूरचे लोक तोंडावर म्हणायचे. म्हणून त्या मे महिन्यात नागपूरहून एक स्थळ आपणहून येतो म्हणालं तेव्हा आई देवापुढे साखर ठेवून आली.

मुलाचं नाव मनोहर. बँकेत होता. तो आणि त्याची आई, दोघंच येणार होते. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी दुर्गला उतरायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. आधीच त्यांनी कळवलं होतं, "एवढं आलोच तर भिलाईही पाहून घेऊ." बाबांना त्याचं केवढं कौतुक! त्यांनी साहेबांच्या हातापाया पडून प्लांटची पास काढली, शेजारच्या ठेकेदाराची जीप सांगून ठेवली. मला म्हणाले, "तूही सोबत चल. सगळं नीट दाखव. आपलं गाव त्यांना आवडलं पाहिजे."

आवडलं पाहिजे! बाबांना वाटलं, गाव आवडलं की मुलगी आपोआप आवडेल.

ताईला आईनं पहाटेच न्हाऊ घातलं होतं. राणी रंगाची रेशमी साडी, आईच्या लग्नातली. केसांत मोगऱ्याची वेणी. कुलर आमच्याकडे नव्हताच तेव्हा. ती मधल्या खोलीत पाटावर बसली होती आणि मी वर्तमानपत्रानं तिला वारा घालत होते. बाहेरून कपबश्यांचा आवाज, मग त्या बाईंचा आवाज, "प्लांटची पास दुपारपर्यंतच आहे म्हणता नं?"

बाबा म्हणाले, "हो, पण पाहण्याचा कार्यक्रम आधी उरकून घेतला असता तर..."

तेव्हा मनोहर बोलला. आवाज चांगला होता, मोकळा, हसरा. "अहो, प्लांट बंद होऊन जाईल. मुलगी काय, पळून जाते का?"

सगळे हसले. माझी आईसुद्धा हसली. मुलीकडच्यांना हसावंच लागते. मी ताईकडे पाहिलं. ती पाटापुढची रांगोळी बोटानं पुसत होती, स्वतःच काढलेली.

मग मी त्यांना भिलाई दाखवली. प्लांटमध्ये मला लहान म्हणून आत सोडलं नाही. मी गेटबाहेर जीपमध्ये तापत बसले. बाहेर आले तेव्हा मनोहर लहान मुलासारखा खूश होता. भट्टीतून वितळलेलं लोखंड कसं नदीसारखं वाहतं ते मलाच सांगत होता. त्याच्या आईनं पदर नाकाला लावून ठेवला होता. त्यांचा एकच प्रश्न होता, "इथे स्टीलचे डबे स्वस्त मिळत असतील नाही?" भिलाईला येणारा दर पाहुणा हे विचारतोच. इथे रेल्वेचे रूळ बनतात, ताटवाट्या नाही, हे बाबांनी मोठ्या नम्रपणे सांगितलं. त्या बाईंचा चेहरा असा पडला जसं आम्ही डबे लपवूनच ठेवले. मग पावर हाउसच्या बाजारात जाऊन त्यांनी डबे पाहिलेच. नागपूरपेक्षा महाग निघाले, तर त्याचाही राग आमच्यावर.

मैत्रीबाग तेव्हा नवी नवी होती. मी त्यांना अस्वल दाखवलं, मोर दाखवला, तळ्यातली होडी दाखवली. मनोहर म्हणाला, "होडीत बसू." बसले. मी काठावर उभी. डोक्यावर सूर्य, पायात रबरी चप्पल, डांबराला चिकटणारी. मला सारखं वाटत होतं, आता तरी म्हणतील, चला घरी. पण मग सिव्हिक सेंटर झालं, तिथलं आइस्क्रीम झालं. जेवायला घरी येणार म्हणून आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या, मे महिन्यात चुलीपुढे बसून. ते आले तीनला, जेवले, आणि पुन्हा निघाले, कारण कोणी तरी सांगितलं की मरोदाचं धरण पाहण्यासारखं आहे. ताई तोवर त्याच साडीत. वेणीची फुलं तपकिरी झाली होती. आईनं ती काढली नाही, कारण दुसरी नव्हती.

धरणावरून आलो तेव्हा गाडीला थोडाच वेळ उरला होता. ताई पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आली. मनोहर खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्याच्या आईनं विचारलं, "स्वयंपाक येते नं?" ताई म्हणाली, "हो." मनोहरनं मान वर केली. ताईच्या डोक्यावर, भिंतीवर, आमचं घड्याळ होतं. त्यानं घड्याळ पाहिलं आणि दुसऱ्या बुटाची नाडी बांधायला घेतली.

संपलं. हेच ते पाहणं. यासाठी पहाटेपासून पोरगी नटून बसली होती.

जाता जाता त्या बाईंना लोणचं आठवलं. "लय मस्त झालं हो लोणचं. थोडं बांधून द्या." माझी आई अशी भोळी, की तिनं अख्खी बरणीच दिली. चिनी मातीची, वरून तपकिरी, खालून पांढरी, तिच्या माहेरची. थोरली-धाकटी अशी जोडी होती. थोरली दिली, फडकं घट्ट बांधून. "बरणी पाठवून देतो," बाई म्हणाल्या. बाबांनी दारात विचारलं, "मग काय समजायचं?" मनोहर म्हणाला, "कळवतो. दिवस लय छान गेला."

आपल्याकडे कोणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालतात. ज्यांनी भांडंच परत केलं नाही त्यांना काय म्हणायचं, ते आई कधी बोलली नाही. मी बोलते. निर्लज्ज म्हणायचं.

तो उन्हाळा मला दिवसांनी आठवत नाही, पोस्टमनच्या सायकलच्या घंटीनं आठवतो. एका ठिकाणचं उत्तर येईस्तोवर मुलगी दुसरीकडे दाखवायची नाही हा बाबांचा नियम. त्या काळात राजनांदगावचं एक चांगलं स्थळ विचारून गेलं, बाबांनी "थोडं थांबा" म्हटलं. ते कशाला थांबतात? भिजत घोंगडं पडून राहिलं. संध्याकाळी प्लांटमध्ये भट्टीतला तापता मळ, स्लॅग, ओतला की आभाळ लाल व्हायचं आणि आम्ही अंगणात बाजा टाकून पडायचो. सगळ्या सेक्टरमधल्या बाया जाता जाता विचारायच्या, "आलं का हो नागपूरचं उत्तर?" ताई तेवढ्यात काही तरी आणायला आत जायची. काही आणायचं नसायचं.

पाऊस लागल्यावर कळलं. हळदीकुंकवाला एक काकू आल्या होत्या, त्यांची बहीण जबलपूरला. "अहो, ते मनोहरवाले? ते आमच्या बहिणीकडे पण गेले होते पोरगी पाह्याले. भेडाघाट पाहून आले. त्याचं तर लग्न ठरलेलं होतं अमरावतीला, केव्हाच. झालं पण ज्येष्ठात. पोराले फिरायचा शौक, मायले खायचा. पोरगी पाह्याच्या नावानं गाव पाहून घेतात."

आईच्या हातात हळदीचा करंडा होता. तो तिनं खाली ठेवला आणि पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मी ताईला पाहिलं. ती दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती फक्त म्हणाली, "मग मले साडी कावून नेसवली?" आणि आत गेली.

सरळ होतं. हॉटेलचा खर्च नको, जीपचा नको, जेवण फुकट, वर लोणचं. मुलीच्या बापाला नाही म्हणता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या तोंडाला पानं पुसून गेले आणि आम्ही ती पानं उन्हाळाभर जपून ठेवली. आणि गावात काय झालं? गावात 'नागपूरवाल्यांनी नाकारलेली' असं ताईचं नाव पडलं. पुढे दोन स्थळं आली, दोघांनी आधी हेच विचारलं, "तिकडे काय कमी दिसलं होतं?" बाबा काय सांगतील? की त्यांनी पाहिलंच नाही?

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं. आठवीतली पोरगी काय ठरवते, म्हणाल. मी ठरवलं की या माणसाला एकदा भिलाई दाखवायची.

ताईचं लग्न पुढल्या वर्षी झालं. भाऊजी रेल्वेतले, दुर्ग लाइनवरचे, त्यांचे वडीलही रेल्वेतच. पाहायला आले तेव्हा बाबांनी सवयीनं विचारलं, "गाव फिरून यायचं का आधी?" भाऊजी म्हणाले, "मले काही पाह्याचं नाही. त्यांना म्हणा बसा, उभ्या कावून आहेत?" ताई बसली. एवढ्यावर झालं ते लग्न. आयुष्यभर त्या माणसानं तिला उभं ठेवलं नाही.

आता वीस-पंचवीस वर्षं सोडून द्या. ती चांगली गेली, म्हणून सांगण्यासारखी नाहीत. बाबा गेले. आई ताईकडे राहायला आली, धाकटी बरणी घेऊन. ताईचा अभय इंजिनिअर होऊन प्लांटमध्येच लागला. माझं लग्न होऊन मी भिलाईतच, शाळेत शिकवत होते. आणि एक दिवस अभयसाठी आलेल्या स्थळांत नागपूरचं एक निघालं. मुलगी ज्योती, एम.एस्सी. वडील मनोहरराव, बँकेत मॅनेजर. आडनाव तेच, मोहल्ला तोच. मी नागपूरच्या मावसबहिणीला फोन लावून खात्री केली. तोच.

ताई म्हणाली, "नाही म्हणून कळवून टाक."

"कावून?"

"मले नाही पाह्याचं त्याचं तोंड."

"तुले नको पाहू. पण त्याले येऊ दे. मे महिन्यात येऊ दे."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "पोरीनं काय केलं आपलं?"

मी म्हटलं, "पोरीले मी हातही नाही लावत. मले बाप पाहिजे."

त्याच्या पोरीला म्हणे तीन ठिकाणी नकार आला होता, उंचीवरून. गरजवंताला अक्कल नसते. मुलीला घेऊन मुलाकडे येतो म्हणाला, आपणहून. रायपूरला लग्न आहे, वाटेत एक दिवस उतरतो, संध्याकाळी पुढे निघू. ऐकून मला गुदगुल्या झाल्या. एक दिवस! देव आहे, मी म्हटलं.

आला. केस गेले होते, पोट आलं होतं. आवाज तोच, मोकळा, हसरा. भाऊजी ड्यूटीवर होते, ताई दारात उभी होती. त्यानं तिला नमस्कार केला, "विहीणबाई" म्हणाला, जरा लाडीगोडीनंच, आणि आत येऊन बसला. ओळखलं नाही. मी सारखी त्याच्या तोंडाकडे पाहत होते, आता ओळखेल, मग ओळखेल. शेवटी ध्यानात आलं, ओळखणार कसा? पाहिलं होतं कुठे!

चहा झाला. त्यानं खुर्चीच्या टोकावर सरकत विचारलं, "मग... मुलांची भेट वगैरे..."

मी उभी राहिले. किती वर्षं ते वाक्य मी पदराला बांधून फिरत होते. "आधी भिलाई पाहून घ्या, मनोहरराव. पास काढली आहे, दुपारपर्यंतचीच. मुलगी काय, पळून जाते का?"

तो हसला. मुलीकडच्यांना हसावंच लागते.

पोरगी मात्र हसली नाही. तिनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उंच खरंच होती, आणि घाबरलेली होती. ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "तू चल आत. कुलरपुढे बस." त्या दोघी आत गेल्या. हे माझ्या बेतात नव्हतं. माझ्या बेतात सगळ्यांनाच तापवायचं होतं, पण ताईनं पोरगी बाजूला काढून घेतली आणि बाप माझ्या हवाली केला.

मी ऑटो सांगून ठेवला होता, मुद्दाम, बाजू उघड्या असलेला, काळ्या रेग्झिनच्या सीटचा. ऑटोवाला छत्तीसगढ़ी माणूस, तोंडाला गमछा गुंडाळलेला. मला म्हणाला, "ए घाम म कहाँ घुमाहू दीदी?" त्यांच्यात घाम म्हणजे ऊन.

"सब दिखाना है भैया, मेहमान एक ही दिन के लिए आए हैं."

आधी प्लांट. डोक्यावर टोपी, अंगावर भट्टीची धग. या वेळी मीही आत गेले आणि त्याला प्रत्येक ठिकाणी थांबवून समजावून सांगितलं. "मी आलो होतो आधी एकदा," तो घाम पुसत म्हणाला. "हे सगळं पाहिलं होतं. लय मजा आली होती."

"हो का? कोणाकडे आले होते?"

"होते कोणी तरी ओळखीचे," तो म्हणाला. "सेक्टरमध्ये. आता नाही आठवत."

ऐका! भट्टी आठवते, होडी आठवते, आमचं नाव आठवत नाही. माझी जी काही थोडी दयामाया उरली होती ती तिथे त्या भट्टीत गेली. मी ऑटोवाल्याला म्हटलं, "मैत्रीबाग."

बागेत सगळी जनावरं सावलीला जाऊन झोपली होती. त्यांना अक्कल होती. मी त्याला एकेका पिंजऱ्यापुढे उभं केलं. "थांबा, आता उठेल." उठलं नाही काही. मग सिव्हिक सेंटर, दुपारी बंद असते ते. बंद दुकानं दाखवली. मरोदाच्या धरणावर तर पाण्यावरून चकाकी येते ती सरळ डोळ्यांत. देवबळोद्याच्या देवळात चप्पल काढून गेलो, जुन्या दगडाची फरशी तव्यासारखी तापली होती. मला सवय आहे. तो एक पाय वर, एक पाय खाली करत होता. मी सावकाश एकेक मूर्ती दाखवली, कारण घाईत पाहिलेलं पाहिल्यासारखं नसते.

"आता घरी जायचं?" त्यानं विचारलं. आवाज बसला होता.

"कुम्हारी राहिलं नं."

"कुम्हारीत काय आहे?"

"पाहा तर खरं."

कुम्हारीत काही नाही. रायपूरच्या रस्त्यावरचं गाव, चार कारखाने, बसची वाट पाहणारी माणसं, पंक्चरची दुकानं आणि ट्रकांची धूळ. आम्ही ते पाहिलं. ऑटोवाला तोंड फिरवून हसत होता. परतताना पावर हाउसला मी थांबवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "स्टीलचे डबे पाहायचे का? लोकांना वाटते इथे स्वस्त मिळतात." त्यानं फक्त मान हलवली.

घरी आलो तेव्हा तो उकडलेल्या रताळ्यासारखा दिसत होता. आणि घरात काय? कुलरची गार हवा, आणि आई, ताई, ज्योती तिघी खाली बसून लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. ज्योतीचे हात हळदीनं पिवळे. अभय पलीकडे स्टुलावर, मीठ चाखून सांगत होता. चौघं असे हसत होते जसे वर्षांचे ओळखीचे. त्याला जेवायला वाढलं. लोणच्याचा एक घास घेऊन तो थांबला. "असं लोणचं मी कुठे तरी खाल्लं आहे."

"असेल," ताई म्हणाली.

गाडीची वेळ झाली. तो वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागला. मग तसाच, वाकलेला, मान वर करून त्यानं विचारलं, "मग काय समजायचं?"

ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "कळवतो," ती म्हणाली.

ते गेले आणि मी खुर्चीत पडले. पाय सुजले होते, पण अंगात कसं सणासारखं वाटत होतं. तेव्हा ताईनं मला घरातली गोष्ट सांगितली. धाकटी बरणी पाहून ज्योती म्हणाली होती, "अय्या, अशीच मोठी आमच्याकडे आहे. आजी तिला भिलाईची बरणी म्हणायची." आईच्या हातातली कैरी निसटली. मग ताईनं त्या पोरीला सगळं सांगितलं, राणी रंगाच्या साडीपासून. ज्योतीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "आणि आज? आज मी कशाला आली आहे?" ताई म्हणाली, "तुले पाह्याले बोलावलं. आणि आम्ही दिवसभर पाहून राहिलो नं तुले. आता तू आम्हाला पाहा. पसंत नसलं तर सांग." ज्योती अभयकडे पाहून लाजली, आणि मग तिनं जे म्हटलं ते ऐकून माझा तिच्यावर जीव जडला. ती म्हणाली, "पसंत आहे. पण बाबांना इतक्यात सांगू नका. थोडी वाट पाहू द्या."

वाट पाहिली त्यानं. रोज फोन. आधी स्वतः, मग कोणाकोणाकडून. आम्ही प्रत्येक वेळी म्हटलं, "विचार करून राहिलो." लोणचं मुरलं, खार सुटला, आभाळ भरून आलं, पोरगी तिकडे आतल्या आत हसत होती आणि बाप फोनजवळ बसून होता. त्या उन्हाळ्यात माझी झोप फार छान झाली. लोक म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. त्यांनी नीट घेतलेला नसतो.

पाऊस लागल्यावर ताईनं हो कळवलं. तो दुसऱ्या दिवशी धावतच आला. बैठकीत हात जोडून म्हणाला, "तुमच्या काही अपेक्षा असतील तर मोकळेपणानं सांगा. पहिलीच मुलगी आहे, काही कमी पडू देणार नाही."

"एकच आहे," ताई म्हणाली. "आमची बरणी."

"बरणी?"

"चिनी मातीची. वरून तपकिरी, खालून पांढरी. तुमच्या आईनं लोणच्यासकट नेली होती. पाठवून देतो म्हटलं होतं."

तो तिच्याकडे पाहत राहिला. पहिल्यांदा. कपाळ, डोळे, नाक, सगळं त्यानं एकेक करून पाहिलं, जसं माझ्यासोबत देवळातल्या मूर्ती पाहिल्या होत्या. त्याचा चेहरा उतरत गेला. "तुम्ही... त्या..."

"हो," ताई म्हणाली. "त्याच. घरातच होते मी. पळून नव्हते गेले."

आत भांडी विसळत असलेल्या आईनं नळ बंद केला. मनोहररावांनी हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं होतं मी त्या वेळी काही तरी झणझणीत बोलेन, इतकी वर्षं मी वाक्यं जुळवत होते. एकही लागलं नाही.

बरणी लग्नात आली. त्याच्या बायकोनं स्वतः आणली, आत साखर भरून, वर लाल फडकं बांधून. तिला बिचारीला तेव्हाच कळलं होतं की तिचं लग्न ठरल्यावर तिचा नवरा कुठे कुठे हिंडत होता. तिनं त्याचं पुढे काय केलं ते मला माहीत नाही, पण तिच्याकडे पाहून वाटलं की काही तरी नक्कीच केलं असेल. आई बरणी मांडीवर घेऊन मांडवात बसली होती. फडकं तिनं सोडलं नाही. घरी आल्यावर सोडलं, आणि साखर ताईच्या हातावर ठेवली.

आता आई नाही, मनोहररावांची बायकोही नाही, भाऊजीही गेले. ताई अभय-ज्योतीकडे स्मृती नगरात, मी दोन गल्ल्या पलीकडे. मनोहरराव दर मे महिन्यात नागपूरहून येतात. मुलीकडे दोन रात्री राहायला त्यांना अजून संकोच वाटतो, म्हणून सकाळी येतात, संध्याकाळी जातात. म्हातारे झालेत, काठी आली आहे. लोक मला म्हणतात, आता तरी सोड. कावून सोडू? माझं काय वजन वाढून राहिलं का त्यानं?

मागच्या आठवड्यात आले होते. ताई आणि ज्योती स्वयंपाकघरात, लोणच्याचेच दिवस, थोरली बरणी उन्हात वाळवून पुसून ठेवलेली. मी कुलरपुढे त्यांच्यासमोर बसले आणि दर वर्षीसारखं विचारलं, "मग, मनोहरराव, एकच दिवस आहे तुमच्याकडे. ऑटो सांगू का? भिलाई पाहून येऊ."

दर वर्षी ते नुसते हात जोडतात. या वेळी हात जोडले नाहीत. काठी मांडीवर आडवी धरून म्हणाले, "नको हो. मी पोरीले पाह्याले आलो. भिलाई काय, पळून जाते का?"

बोलून गेले आणि थांबले. त्यांनाही ऐकू आलं असावं, आपण काय बोललो ते. डोळे खाली गेले.

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज चालूच होता. म्हणजे तिथपर्यंत पोचलं नव्हतं.

मी उठले, घरघरणारा कुलर बंद केला, आणि पुन्हा त्यांच्यासमोर येऊन बसले.

"काय म्हणाले? नाही ऐकू आलं," मी म्हटलं. "जरा मोठ्यानं म्हणा. आत ताई आहे."